दोन खाचांची डिस्क

"तंबूच्या खुंट्या कुठे आहेत? स्क्रू, तू परत त्या घेऊन काहीतरी उचकटलंस ना?" भिंगरी ओरडली.

"खुंटीने काय उचकटणार मी? तुझं डोकं?"

उद्या सकाळी मामा-मामी त्यांना तळ्याकाठी तंबूत राहायला नेणार होते. सुट्टी लागल्यापासून तिघं याच दिवसाची वाट बघत होती. एका जागी ठरत नसे ती भिंगरी. दिसेल ते खोलून बघायचा तो तिचा धाकटा भाऊ स्क्रू. आणि दिवसभरात जेमतेम चार वाक्यं बोलायची ती त्यांची मावसबहीण मौनी.

तेवढ्यात आतून मामाचा आवाज आला, "मेलो! ठार मेलो!"

तिघं आत धावली. मामा जुन्या लॅपटॉपचं बटण पुन्हा पुन्हा दाबत होता. पण दिवा नाही, आवाज नाही, काही म्हणजे काही नाही! मामा मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायचा. कीटकांच्या मोठ्या पुस्तकाची दोन वर्षांची चित्रं त्या लॅपटॉपमध्ये होती आणि संपादकबाईंना ती आज संध्याकाळपर्यंत हवी होती.

"दुसरीकडे कॉपी असेलच ना?" भिंगरीने विचारलं.

मामा नुसताच छताकडे बघायला लागला.

"नाहीये?" दारातून मामी म्हणाली. "कितीदा सांगितलं होतं मी!"

"अगं, आता ओरडू नकोस! लॅपटॉप गेला तरी आतली डिस्क शाबूत असणार. ती काढून तुझ्या लॅपटॉपमध्ये टाकतो. पाच मिनिटांचं काम!"

त्या पाच मिनिटांचा तास झाला. डिस्क म्हणजे बोटाएवढी चपटी पट्टी, पण ती धरून ठेवणाऱ्या इवल्याशा स्क्रूचं डोकं झिजलेलं होतं. पेचकस नुसता गरगरत होता.

"मामा, मध्ये रबरबँड ठेवून फिरव," स्क्रूने सुचवलं.

"लुडबूड नको!" मामा खेकसला. आणखी दहा वेळा पेचकस घसरल्यावर त्याने गुपचूप रबरबँड ठेवला. झिजलेला स्क्रू पहिल्याच फटक्यात सुटला!

मग मामाने मामीचा नवा लॅपटॉप उघडून तिची डिस्क काढली आणि दोन्ही डिस्क टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. मौनी वाकून बघायला लागली.

"मामा, या खाचा..."

"थांब गं जरा!"

मामाने त्याची डिस्क मामीच्या लॅपटॉपमध्ये बसवली. बसली अगदी झकास! पण पडद्यावर एकच ओळ आली : डिस्क सापडत नाही. काढली, फुंकली, परत बसवली. तेच! मामाने डोक्याला हात लावला.

"आमच्या सहलीचं काय?" भिंगरीच्या तोंडून निघून गेलं.

"कसली सहल न कसलं काय!" मामा कडाडला.

भिंगरीने ओठ चावला. तिला मामाचा राग आला होता, आणि आपण आत्ता सहलीचं विचारलं म्हणून स्वतःचाही.

मामीची डिस्क जागच्या जागी परत बसवून वरात निघाली कोपऱ्यावरच्या दुरुस्तीच्या दुकानात. दुकानदाराला सगळे 'लगेचकाका' म्हणत, कारण कुठल्याही कामाला तो "लगेच!" म्हणायचा. आत्ताही खांदा आणि कान यांच्यामध्ये फोन दाबून तो कुणाला तरी सांगत होता, "हो हो, लगेच!" तसंच बोलत बोलत त्याने डिस्क आपल्या नव्याकोऱ्या कॉम्प्युटरमध्ये घातली, पडद्याकडे ओझरतं बघितलं आणि काढली.

"मेली. विसरा आता."

"काका, हिच्या खाचा..." मौनीने परत तोंड उघडलं.

"मोठी माणसं बोलतायत ना, बाळ?" लगेचकाका म्हणाला आणि डिस्क त्याने बिघडलेल्या सामानाच्या डब्यात टाकली. टक्!

मामाचा चेहरा उतरला. "संपादकबाईंना कळवतो," एवढंच पुटपुटून तो घराकडे वळला.

तिघं फुटपाथवर उभी राहिली. स्क्रूने एक खडा लाथेने उडवला. "आपलं कुणी ऐकूनच घेत नाही! रबरबँड कुणाचा होता? माझा!"

"तुझा रबरबँड राहू दे. मौनी, तू मघापासून काय सांगत होतीस? बोल एकदाची!"

"मामाच्या डिस्कच्या टोकाला दोन खाचा आहेत," मौनी म्हणाली. "मामीच्या डिस्कला एकच. आणि काकाच्या काउंटरवरच्या सगळ्या डिस्कनाही एकच!"

स्क्रूने घरी पळत जाऊन मामीचा फोन मागून आणला आणि भराभर शोधायला लागला. जरा वेळाने तो उडालाच!

"अगं, या दोन वेगळ्या जाती आहेत! आकार तोच, पण बोली निराळी! दोन खाचांची जात जुनी. नव्या लॅपटॉपमध्ये ती बसते, पण त्यातल्या कित्येकांना तिची बोलीच कळत नाही!"

"म्हणजे मेलेली नाहीच?"

"बहिऱ्याशी बोलत होती बिचारी!"

पण जुना लॅपटॉप आणायचा कुठून? भिंगरीने टाळी वाजवली. "बेकरीवाल्या काकू! त्या गाणी लावतात ना, तो लॅपटॉप थेट मामाच्या लॅपटॉपसारखाच आहे. झाकण उघडताना तसाच करकरतो!"

आधी डिस्क हवी होती. भिंगरी मानभावी चेहरा करून दुकानात शिरली.

"काका, ती मेलेली डिस्क आम्हाला द्याल? किल्ल्यांना अडकवायला मस्त दिसेल!"

"घ्या की! माझ्या काय कामाची?"

"नक्की मेलीय ना? नंतर 'परत तपासतो' म्हणायचं नाही हं!"

"वीस वर्षं दुकान चालवतोय मी!" लगेचकाका हसला आणि त्याने डिस्क तिच्या हातावर ठेवली.

बेकरीवाल्या काकूंनी आधी साफ नकार दिला. मग मामाच्या दोन वर्षांच्या चित्रांचं ऐकून त्या जरा विरघळल्या. "पण माझी गाणी गेली, तर तुमची खैर नाही!"

स्क्रूने लॅपटॉप बंद करून वायर काढली, पाठ उघडली आणि आधी बॅटरीची जोडणी सोडवली. जो स्क्रू जिथून निघेल तिथेच ठेवता यावा म्हणून मौनीने कागदावर लॅपटॉपचं चित्र काढलं होतं. काकूंची डिस्क निघाली. दोन खाचा! मामाची डिस्क तिरकी आत सरकवून स्क्रूने अलगद दाबली. त्याच्या कपाळावरून घामाचा थेंब ओघळला.

"तो थेंब आत पाडू नकोस!" भिंगरी किंचाळली.

"तू आधी उड्या मारायचं थांबव!"

सगळं जोडून झाल्यावर मौनीने बटण दाबलं. काळा पडदा. काळाच पडदा. भिंगरीला रडूच फुटणार होतं, इतक्यात पडद्यावर हिरवागार, भला थोरला भुंगा झळकला. मामाने काढलेला!

"आहे! जिवंत आहे!"

पुढे पासवर्ड हवा होता. भिंगरी सुसाट पळाली आणि मामाला अक्षरशः ओढत घेऊन आली. मामाने इतक्या घाईने बटणं बडवली, की पासवर्ड दोनदा चुकला. तिसऱ्यांदा चित्रांचे फोल्डर एकेक करून समोर आले. मामा मटकन स्टुलावर बसला. मागोमाग आलेल्या मामीने पेनड्राइव्ह पुढे केला. "आधी कॉपी! मग काय रडायचं ते रड."

चित्रं संध्याकाळच्या आत पोचली. काकूंची डिस्क जागेवर गेली आणि त्यांची गाणीही सुरू झाली. हे कळल्यावर लगेचकाका स्वतः बेकरीत आला. मामाची डिस्क आणि दुकानातली एक डिस्क शेजारी शेजारी धरून त्याने खाचा नीट निरखल्या.

"चुकलंच माझं," तो मौनीला म्हणाला. "फोनच्या नादात मी धड बघितलंच नाही. तू सांगत होतीस, तर तुलाच गप्प केलं."

"मीही गप्प केलं," मामा खाली मान घालून म्हणाला. "आणि तुमच्यावर ओरडलो ते वेगळंच. मौनीचे डोळे, स्क्रूचे हात आणि भिंगरीची पळापळ नसती, तर आज माझं पुस्तकच बुडालं असतं. शाब्बास रे पोरांनो! आणि उद्याची सहल पक्की!"

घरी पोचतात तोच फोन वाजला. मामाकडून सगळं ऐकलेल्या संपादकबाईंना मुलांशीच बोलायचं होतं.

"कमाल केलीत!" त्या म्हणाल्या. "कॉपी ठेव म्हणून मी तुमच्या मामाच्या किती मागे लागले होते! तुम्ही एका दिवसात त्याला वठणीवर आणलंत!"

"छे हो, अजून कुठे!" भिंगरी फोनमध्ये म्हणाली. "आत्ताच त्याने मामीच्या लॅपटॉपला चिकटून कॉफीचा कप ठेवलाय!"

मामाने दचकून कप उचलला.

"हं," भिंगरी म्हणाली, "आता शिकतोय हळूहळू."