भोंगा तोंड उघडत नाही

बोलण्याचा पगार घेणाऱ्या माणसाने नेमकं बोलायच्या वेळी मूग गिळून बसावं, याचा आत्याबाईंना मनस्वी संताप होता.

माणूस होता बसस्थानकावरचा उद्घोषक. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली रद्द झाली, कोणाची पिशवी राहिली, कोणाचं पोर हरवलं... सगळ्या गावाला पोटतिडकीने सांगणारा. दातांच्या दवाखान्यात त्यांच्या भाचीशेजारी, म्हणजे खारूशेजारी, बसून तो तोंडातल्या फोडांपासून ब्रशच्या केसांपर्यंत सगळं बोलला होता. पण जे बोलायचं, ते मात्र नाही! आत्याबाईंनी त्याचं नाव मनातल्या मनात 'भोंगा' ठेवलं होतं, आणि हल्ली ते मनात राहत नव्हतं.

"भोंगा कसला, फुटका डबा नुसता!" दवाखान्याचा जिना चढता चढता त्या म्हणाल्या.

"आत्या, हळू. वर ऐकू जाईल."

"जाऊ दे की! आज त्याच्या दातांच्या तारा निघणार. तुझ्या राहिल्यात अजून कितीतरी महिने. उद्यापासून तो इकडे कशाला येतोय? आज बोलला तर बोलला. नाही बोलला, तर त्याचा विषय घरात काढायचा नाही. समजलं?"

खारूने ओढणी सारखी केली... नंतर पुन्हा सारखी केली.

"मग तूच विचार की त्याला," आत्याबाई थोड्या मऊ झाल्या.

"आणि तो नाही म्हणाला तर? त्याचं बरं आहे, तो सुटतोय. मला त्याच खोलीत, त्याच बाकावर, त्याच्याशिवाय दर महिन्याला बसायचंय."

आत्याबाई जोरात पायऱ्या चढायला लागल्या.

खारू ही त्यांच्या भावाची मुलगी. शाळेसाठी म्हणून आत्याकडे आली ती तिथलीच झाली, आणि आता आत्याबाईंच्या धुलाई-इस्त्रीच्या दुकानात गल्ला तीच सांभाळत होती. लहानपणी पुढचे दात खारीसारखे बाहेर, म्हणून खारू. पुढे बाकीचे दात शहाणे झाले, पण वरचा एक सुळा काही रांगेत यायला तयार नव्हता.

"येऊ दे नाहीतर राहू दे!" तारा लावायच्या म्हटल्यावर आत्याबाई म्हणाल्या होत्या. "चावता येतंय ना? मग झालं तर. छान दिसतो की तो. बाल्कनीत उभा राहिल्यासारखा."

"त्याला त्या बाल्कनीतून खाली उतरवायचंय, आत्या."

आणि मग सुरू झालं सगळं रामायण. आधी जबड्याचा फोटो. मग गुलाबी पिठासारखा मसाला साच्यात भरून तो असा तोंडात दाबला, की खारूच्या डोळ्यांतून पाणी आणि आत्याबाईंच्या तोंडातून शिव्या एकदमच बाहेर पडल्या. मग रांगेत जागा व्हावी म्हणून दोन चांगल्या दाढा काढल्या. "घर लहान पडतंय म्हणून घरातली माणसं हाकलायची, असला हा प्रकार!" आत्याबाईंनी डॉक्टरीणबाईंना तोंडावर सुनावलं. डॉक्टरीणबाई हसल्या. त्यांचे स्वतःचे दात इतके सरळ होते, की आत्याबाईंना संशयच आला.

तारा बसवायच्या दिवशी भोंगा पहिल्यांदा दिसला.

बाहेरच्या खोलीत गर्दी होती. काउंटरवरच्या मुलीचा आवाज इतका बारीक, की तिने कोणाला बोलावलं हे तिचं तिलाच कळत नसावं. दोनदा तिने हाक मारली, कोणी हललं नाही. तेव्हा कोपऱ्यातला एक उंच तरुण उठला, घसा साफ केला आणि भिंती हलतील अशा आवाजात म्हणाला,

"लक्ष द्या, लक्ष द्या! क्रमांक सात... सरळ आतल्या खुर्चीकडे सुटण्यास सज्ज आहे!"

त्याच्या पुढच्या दोन दातांत चांगली फट होती. प्रत्येक 'स'ला त्या फटीतून अशी सणसणीत शिट्टी निघाली, की खोलीतलं एक तान्हं बाळ दचकून जागं झालं आणि टाळ्या वाजवायला लागलं.

क्रमांक सात म्हणजे खारू. ती हसत सुटली. हसतच आत गेली. आत्याबाईंनी मात्र त्याला नखशिखांत पाहून घेतलं. सदऱ्याची पुढची बाजू कडक इस्त्रीची, आणि पाठ? चुरगळलेली! पुढून साहेब, मागून गाठोडं. फक्त दिसेल तेवढीच इस्त्री करणारा माणूस... आत्याबाईंच्या दरबारात हा साधासुधा गुन्हा नव्हता.

खारू बाहेर आली ती ओठ मिटता येत नाहीत अशा अवस्थेत. तो लगेच सरकला. जागा करून दिली.

"माझ्या जरा आधी बसवल्यात," त्याने आपल्या तारा दाखवल्या. "शिट्टीमुळे. माझं 'साडेसातची सुटली' म्हणून झालं, की स्थानकावरची सगळी कुत्री उठून उभी राहतात."

"दुखतं का हो फार?"

"पहिले दोन-तीन दिवस. असं वाटतं, की दात आपले नाहीतच... कोणीतरी ठेवायला दिलेत."

"आणि मग?"

"मग ते आपलेच आहेत हे कळतं. तेव्हा जास्त दुखतं."

खारू पुन्हा हसली. नवी तार गालात रुतली आणि ती कळवळली. त्याने घाईघाईने खिसा चाचपला, एक छोटी डबी काढली, तिच्या तळहातावर पांढऱ्या मेणाची गोळी ठेवली. "टोचतं तिथे लावा. चिकटवून टाका. जेवायच्या आधी काढा... नाहीतर गिळाल."

घरी जाताना आत्याबाई म्हणाल्या, "लोक पोरींना फुलं देतात. याने मेण दिलं!"

"टोचत नाहीये पण आता," खारू म्हणाली. आणि दिवसभर ती मऊ भात चिवडत, सूप पीत, कुठेतरी लांब बघत राहिली. आत्याबाईंना डाग बघून तो कशाचा हे ओळखायची सवय. हा कशाचा, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं. सहजी निघणारा नव्हता.

दर महिन्याला तार आवळायची, आणि दातादातावर चिकटवलेल्या खिळ्यांवरचं रंगीत रबर बदलायचं, अशी तिथली रीत. रंग ज्याने त्याने निवडायचा. दोघांची वेळ कशी कोण जाणे, नेमकी एकाच दिवशी यायला लागली. (कशी ते काउंटरवरच्या मुलीला माहीत होतं. आवाज बारीक असला तरी डोक्याने ती बारीक नव्हती.)

"कुठला लावू या वेळी?" खारू विचारायची.

"मी सांगेन तो लावाल?"

"बघू... सांगा तर."

"जांभळा."

"इश्श! लोक म्हणतील, शाई प्यायली."

"मीही जांभळाच लावतो. दोघं मिळून प्यायलो म्हणून सांगू."

शेजारी आत्याबाई मासिक डोळ्यांपुढे धरून बसलेल्या. मासिकातल्या बाईचं चित्र त्यांना आता तिळासकट पाठ झालं होतं. 'बोल रे बाबा पुढे,' त्या मनात म्हणत. 'शाई प्यायलात, मेण खाल्लंत, आता तरी बोल!' पण भोंग्याचं तिथेच अडायचं. तोंड उघडायचा, श्वास घ्यायचा, खारूकडे बघायचा... आणि म्हणायचा, "शेंगदाणे खाऊ नका हं. खिळा निघतो."

त्याचा निघाला होता एकदा. खारूचा दोनदा. दुसऱ्यांदा तिने शेंगदाणे मुद्दाम खाल्ले, कारण त्या आठवड्यात तो निघालेला खिळा बसवायला येणार होता आणि तिची वेळ नव्हती. आत्याबाईंनी टरफलं पाहिली. बोलल्या मात्र दुसऱ्या दिवशी.

तर आज.

दोघी वर पोचल्या तेव्हा भोंगा आधीच आत होता. काचेवर पाऊस रेंगाळत होता. टेबलावर प्लास्टरचा एक जबडा कोणाला तरी हसत पडला होता. खारूला आता वरच्या-खालच्या दातांमध्ये ताणून लावायची रबरं मिळाली होती, त्यामुळे तिला तोंड पुरतं उघडताही येत नव्हतं. ती दाराकडे बघत होती, तिच्याकडे आत्याबाई बघत होत्या, आणि त्या तिघींकडे... म्हणजे दारासकट... काउंटरवरची मुलगी बघत होती.

दार उघडलं. भोंगा बाहेर आला.

तारा नव्हत्या. फट नव्हती. आणि सदरा? आत्याबाईंनी मान वाकडी करून पाहिलं. पाठीलाही इस्त्री होती! 'अगंबाई,' त्या मनात म्हणाल्या, 'आज हा ठरवून आलाय.'

मागोमाग डॉक्टरीणबाई दारात उभ्या राहिल्या. "नीट लक्षात ठेवा. तारा निघाल्या म्हणून दात सुधारले असं नाही. ते परत जुन्या जागी पळतात. टाळूची प्लेट दिवसरात्र तोंडात हवी. खाताना आणि दात घासताना काढायची, बस्स. बोलताना काढलेली दिसली, तर पुन्हा तारा ठोकीन. थोडे दिवस बोबडं बोलाल, त्याला इलाज नाही." आणि त्या आत गेल्या.

भोंगा खारूसमोर आला. कान लाल. श्वास घेतला. या वेळी सोडला नाही.

"मला... तुम्हाला काहीतरी थांगायचंय."

"थांबायचंय?" आत्याबाई कडाडल्या. "मग थांबा की! इतके महिने थांबलाच आहात. तुम्हाला कोणी हाकललंय?"

"थांबायचं नाही... थांगायचंय!" त्याने लाळ गिळली. "मी ठरवलं होतं, तारा निघाल्या की थ्पष्ट, थुद्ध बोलायचं. तोवर गप्प बथायचं. आणि आज यांनी ही प्लेट..." तो थांबला, डोळे मिटले, आणि स्थानकावरची शेवटची गाडी सुटत असल्यासारखा एका दमात ओरडला, "मला जन्मभर तुमची थोबत पाहिजे!"

खोलीतल्या सगळ्या माना वळल्या.

आत्याबाई सावकाश उभ्या राहिल्या. "काय म्हणालास? कोणाचं थोबाड?"

"थोबाड नाही हो! थोबत!"

"परत तेच! भर माणसांत माझ्या पोरीचं थोबाड काढतोस? आणि ते जन्मभर? अरे, तुझं थोबाड बघ आधी आरशात!"

"आत्याबाई, तुमचा गैरथमज—"

"आत्या!" खारू मध्ये पडली. रबरांमुळे तिचे दात मिटलेलेच होते, तरी शब्द निघाले. "तो सोबत म्हणतोय. सोबत!"

"कोणाच्या सोबत?"

"माझ्या... असं वाटतंय." ती त्याच्याकडे वळली. गाल तापले होते, डोळे हसत होते. "पण मला नीट ऐकायचंय. एवढे दिवस वाट बघितलीय, बोबडं नाही चालणार. काढा ती प्लेट."

"नाही काढता येत," तो काकुळतीला आला. "खाताना आणि दात घाथतानाच."

आत्याबाईंनी कपाळाला हात लावला. असलं आज्ञाधारक गाढव त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. खारूने मात्र शांतपणे पिशवीत हात घातला आणि एक केळं काढून त्याच्यापुढे धरलं.

"खा."

तो केळ्याकडे बघत राहिला. मग तिच्याकडे. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडलं. पाठमोरा होऊन त्याने प्लेट काढली, रुमालात ठेवली, केळं सोललं. सगळी खोली त्याच्या चघळण्याकडे डोळे लावून बसली. एक आजोबा म्हणाले, "सावकाश, ठसका लागेल." काउंटरवरच्या मुलीने फोन वाजत असून उचलला नाही.

अर्धं केळं हातात धरून तो म्हणाला, हळू आवाजात, जो कुठल्याच स्थानकावर कधी ऐकू आला नव्हता, "मला जन्मभर तुमची सोबत पाहिजे."

स्वच्छ. शिट्टी नाही, काही नाही.

"आणि थोबाड?" खारूने विचारलं.

"ते तर... पहिल्या दिवसापासून."

खारूने उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि जरा जास्तच उघडलं. ताणलेलं रबर सटकन सुटलं, भोंग्याच्या कानाजवळून गेलं आणि आत्याबाईंच्या चष्म्याच्या उजव्या काचेवर टपकन आदळलं. त्याच्या पाठोपाठ "हो" बाहेर आलं.

खोलीत एकच हशा उसळला. डॉक्टरीणबाई दार उघडून डोकावल्या. "प्लेट कुठेय?"

"खातोय!" भोंग्याने केळं वर केलं.

आत्याबाईंनी चष्मा काढला. पुसला. पुसायला जरा वेळच लागला, कारण काच पुसून झाली तरी समोरचं धूसरच दिसत होतं. उद्या गल्ल्यावर कोण बसणार, हा विचारही त्यांनी काचेबरोबरच पुसून टाकला. मग चष्मा नाकावर चढवून त्या त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. अहोजाहो मघाशीच संपलं होतं.

"ऐक रे भोंग्या," त्या म्हणाल्या. "तू काय म्हणालास ते तू जाण. मला ऐकू आलं तेच बरोबर होतं. सोबत काय, कोणीही मागतं, मागायला गोड वाटतं. पण जन्मभर बघायचं असतं ते थोबाड! सकाळचं पारोसं, रुसून फुगलेलं, दाढ दुखून सुजलेलं. ते बघायची तयारी असेल तर पोर तुझी. नसेल, तर हो आत आणि घे परत तारा ठोकून!"