नुसते ओठ हलवणारी

बाजाच्या पेटीला ऊन द्यायला म्हणून तो आमच्या लालबागच्या चाळीच्या गच्चीवर आला. मी वाळत घातलेल्या लुगड्यांमागे, कुणी नाही असं समजून, आईची ओवी गात होते. लुगडं बाजूला झालं, अन् मी गप्प!

"थांबलीस कशाला गो?"

"तुम्ही... ऐकलंत?"

"मीच नाही, पेटीनंसुद्धा!"

हा गुणाजी. दिवसा गिरणीत, संध्याकाळी आमच्या कलापथकात पेटीवर. मीही त्याच पथकात, शाहीर बुधाजीदादांच्या मागे झील धरायला. पण खरं सांगू? मी नुसते ओठ हलवायचे. शाळेत बाई म्हणाल्या होत्या, "मालन, तुझा आवाज घोगरा. तू आपले ओठ हलव." तेव्हापासून हलवतच होते.

हे त्याला सांगितलं, तर तो हसला. माझ्या नाकाचा शेंडा लाल!

"हसा! सगळेच हसतात."

"आवाजाला नाही गो. आम्ही सगळे दादांच्या उंच पट्टीत, काळी चारमध्ये गातो. तिथं तुझा गळा पोचत नाही, म्हणून फाटतो. चूक पट्टीची, आणि बोल तू स्वतःला लावून घेतलास." त्यानं खालची पांढरी तीन दाबली. "इथून घे बघू."

घेतला. हंडा चुंबळीवर बसावा तसा आवाज बसला. मग रोज सकाळी पेटीला ऊन लागायचं. एवढं ऊन कुठल्याच पेटीला लागत नाही, हे आईच्याही लक्षात आलं.

अशात चौकात संयुक्त महाराष्ट्राची सभा ठरली. घोषणा देऊन देऊन दादांचा घसा बसलेला.

"मालन गाईल," गुणाजी म्हणाला.

"हिच्या पट्टीत?" दादा कसेबसे कुजबुजले. "आम्ही बाप्यांनी खाली उतरायचं?"

"नाहीतर माझी पेटी बंद."

दादा नाइलाजानं बाजूला झाले, आणि सभेत मी पुढे उभी राहिले. इथं हसं झालं, तर पुन्हा आयुष्यभर ओठच हलवायचे! पहिली ओळ कापरी निघाली, मागून कुणीतरी खिदळलं... मी गुणाजीकडे पाहिलं. तो पेटीकडे नाही, माझ्याकडे बघत होता. बोट त्याच सुरावर, घट्ट. मी डोळे मिटले आणि गायले. उघडले, तेव्हा अख्खा चौक माझी ओळ माझ्याच पट्टीत उचलत होता. दादाही, बसक्या घशानं.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर मी म्हटलं, "तुमचे उपकार कसे फेडू? माझाच गळा तुम्ही मला परत दिलात."

"उपकार नकोत." तो पेटीचा भाता उगाच उघडझाप करत राहिला. "माझ्या घरी येशील? कायमची?"

लाजेनं जीव अर्धा झाला. जुनी सवय... मी नुसते ओठ हलवले.

"ऐकू नाही आलं गो!"

मग मी माझ्या आवाजात, पोटातून, "हो!" म्हटलं. खाली गॅलरीत आईच्या हातातलं सूप पडल्याचा आवाज आला.