परत फिरलेल्यांची नोंद

तो पहिल्यांदा दिसला तेव्हा माझ्या दुकानाच्या पुढच्या छपराखाली घडीचं स्टूल मांडत होता, तेही मला न विचारता.

बाहेर पावसाची भुरभुर चालली होती. मी काउंटरमागून पाहिलं. गळ्यात ओळखपत्र, मांडीवर फळी, फळीला लावलेला मोठा तक्ता आणि मुठीत एक छोटं यंत्र. रस्त्यावरून गाडी गेली की अंगठा दाबायचा – खट्! पुढची गाडी – खट्!

"आला वाटतं नगरपालिकेचा," खिडकीजवळच्या खुर्चीतून बाबा म्हणाले.

मी दार उघडून पायरीवर उभी राहिले.

"इथे बसलो तर चालेल ना?" त्याने वर बघत विचारलं.

"बसून झाल्यावर विचारताय?"

"पाऊस आहे हो... तक्ता भिजला तर तुमचा रस्ताच वाहून जाईल."

"रस्ता आमचा कुठला? गाड्यांचा आहे तो. आम्ही नुसते कडेला राहतो."

तो हसला. मला ते हसणं मुळीच आवडलं नाही. म्हणजे... आवडलं, आणि म्हणूनच जास्त संशय आला. नगरपालिकेच्या माणसाला इतकं छान हसायचं कारणच काय?

माझा संशय काही उगीच नव्हता. आमच्या चष्म्याच्या दुकानासमोरचा रस्ता अवघा सतरा पावलांचा. पण डावीकडे वळण आहे आणि गाड्या त्या वळणावरून अशा सुसाट येतात, की माणूस दिसेपर्यंत माणसाजवळ पोचलेल्या असतात. आठ महिन्यांपूर्वी एका टेम्पोने बाबांना उडवलं. पाय जुळला, हातात काठी आली. समोर शिंपीकाकांचं दुकान, तिथे रोज चार वाजता दोघांचा बुद्धिबळाचा डाव पडायचा, तो बंद झाला. आता दोघं आपापल्या खिडकीत बसून फोनवर घोडे हलवायचे आणि पट कुणाचा चुकला यावरून भांडायचे. "रस्ता ओलांडायला पांढरे पट्टे आले की त्याच्या दुकानात जाऊन त्याला मात देणार," असं बाबा म्हणायचे. मग खिडकीतून समोरच्या दुकानाकडे बघत राहायचे. त्या बघण्याने माझा जीव तुटायचा.

पट्ट्यांसाठी आम्ही रहिवाशांनी तीन अर्ज केले. तिन्हींना उत्तर एकच, विषय विचाराधीन आहे. चौथ्या अर्जानंतर कळवण्यात आलं, की आधी तीन दिवस रहदारीची मोजणी होईल. आमच्या समितीच्या प्रमुख म्हणजे बाई. निवृत्त मुख्याध्यापिका. त्या आत आल्या की केस पिकलेली माणसंही अजून खुर्चीतून उठतात. बाईंनी माझ्याच दुकानात बैठक घेतली आणि तिथे मी माझी अक्कल पाजळली.

"तीन दिवस कुणी हा रस्ता ओलांडायचाच नाही. सगळ्यांनी लांबच्या सिग्नलवरून वळसा घालायचा. बघू दे त्या माणसाला, इथे लोक किती धास्तावलेत ते!"

टाळ्या पडल्या. बाई म्हणाल्या, "पोरगी हुशार आहे." मी दोन दिवस हवेत होते.

तर तो बसला होता आणि मी त्याच्यावर नजर ठेवली होती. रद्द झालेल्या नंबरच्या कार्डांच्या पाठी कोऱ्या असतात. त्यातलं एक घेऊन मी नोंदी सुरू केल्या. 'नऊ वीस. जांभई दिली, दोन गाड्या सुटल्या असणार.' 'दहा पाच. दुकानाच्या पायरीपर्यंत आला, आत पाहिलं, परत गेला.' 'पावणेअकरा. पुन्हा पायरीपर्यंत. पुन्हा परत.' आत डोकावून हा काय बघतो? कुणाला काय कळवतो? भरीला दुपारी बाई छपराखाली उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला बजावून गेल्या, "ओलांडायचं नाही हं, ठरलंय आपलं!" शाळा सुटली तरी आवाज सुटला नव्हता त्यांचा. त्याने ते सगळं ऐकलं आणि मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की त्याच्याकडे एक छोटी वहीसुद्धा आहे. तक्त्यावर लिहून झालं की तो खिशातून ती काढायचा, दोन ओळी खरडायचा आणि झटकन आत. मी तडक बाहेर गेले.

"त्या वहीत काय लिहिता?"

"खासगी आहे."

"सरकारी वेळेत खासगी?"

"तुम्ही त्या कार्डावर काय लिहिता?"

माझे कान तापले. "गिऱ्हाइकांचे नंबर."

"सकाळपासून एकही गिऱ्हाईक आलं नाही," तो शांतपणे म्हणाला. खट्. "म्हणजे... मोजायची सवय लागलीय, काही मनावर घेऊ नका."

"मग हेही सांगा, तुमचा तक्ता काय म्हणतोय? मिळणार आम्हाला पट्टे?"

त्याचा चेहरा उतरला. काहीतरी ओठांवर आलं आणि तिथेच थांबलं. "मोजणीबद्दल रहिवाशांशी बोलायला मनाई आहे आम्हाला. सॉरी."

बघा! दाल में काला, तेही अख्खं भांडं, असं मी आत येऊन बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "पोरगा बरा वाटतो गं." मी म्हटलं, तुम्हाला तर तो टेम्पोवालाही बरा वाटला होता.

तिसऱ्या दिवशी पाऊस वाढला. त्याने चष्मा काढला आणि ओल्या शर्टाच्या टोकाने घसाघसा पुसायला लागला. माझ्या धंद्यातल्या माणसाला हे बघवत नाही. मी पायरी उतरून चष्मा हातातून काढूनच घेतला.

"शर्टाने पुसतात का कुणी? काचेवर ओरखडे बघा. आणि हा डावा स्क्रू... किती दिवस असा लुळा आहे?"

"वर्षभर. नाक वाकडं आहे असं समजत होतो मी."

मी मऊ फडक्याने काचा पुसल्या, स्क्रू आवळला आणि सवयीने चष्मा माझ्याच हाताने त्याच्या डोळ्यांवर चढवला. कानामागे दांड्या नीट बसल्यात का ते बोटांनी चाचपलं. रोज वीस जणांना करते मी हे. वीस जण असा श्वास रोखून धरत नाहीत.

"आता... नीट दिसतंय?" मी विचारलं.

"हो," तो म्हणाला. तो रस्त्याकडे बघत नव्हता. दोन ट्रक गेले. एकदाही खट् झालं नाही.

मी आत पळाले आणि कार्डावर लिहिलं, 'कामचुकार.' मग ते दोनदा अधोरेखित केलं.

आठवड्याने नगरपालिकेच्या सभागृहात सुनावणी होती. आम्ही सगळे गेलो. बाबांनाही रिक्षाने नेलं. तो मागच्या रांगेत बसला होता. चष्मा सरळ होता, हे मी पाहिलंच. वाहतूक विभागाच्या साहेबांनी अहवाल वाचला.

"गाड्यांची संख्या भरपूर आहे. परंतु तीन दिवसांत रस्ता ओलांडणाऱ्या व्यक्ती – नऊ. नियमाप्रमाणे तासाला निदान पाच व्यक्ती ओलांडत असतील तरच पट्टे आणि गतिरोधक देता येतात. जिथे कुणी ओलांडतच नाही तिथे पट्टे कशाला? अर्ज नामंजूर करावा, अशी शिफारस आहे."

सभागृहात एकच गलका झाला. मला मात्र काही ऐकू येईना. नऊ! घाबरलेली माणसं दाखवायला गेले आणि माणसंच पुसून टाकली मी. बाबांचे पट्टे माझ्या हुशारीने घालवले. मी तशीच उभी राहिले.

"साहेब, चूक माझी आहे. ओलांडायचं नाही, असं आम्ही ठरवलं होतं. कल्पना माझी होती. माणसं आहेत हो तिथे... खूप आहेत."

"ते नोंदीत कुठे आहे?" साहेबांनी विचारलं.

"माझ्याकडे आहे," मागून आवाज आला.

तो उठला होता. हातात ती छोटी वही.

"तक्त्यात फक्त ओलांडलेल्यांचा रकाना आहे, साहेब. परत फिरलेल्यांचा नाही. म्हणून मी वेगळं लिहिलं. तीन दिवसांत एकशे एक्केचाळीस."

"ते बहिष्कारवाले असतील!"

"बहिष्कार टाकलेला माणूस कडेपर्यंत येत नाही, साहेब. तो घरूनच सिग्नलकडे वळतो. ही माणसं सवयीने कडेपर्यंत आली, थांबली, एक पाय खाली टाकला आणि वळणावरून गाडी आली म्हणून मागे फिरली." त्याने पान उलटलं. "दूधवाल्या मावशी, दोन वेळा. पोटुशी बाई, एक वेळ, नऊ मिनिटं उभी. हिरवा स्वेटर, हातात काठी. रोज बरोबर चारला कडेपर्यंत. सहा मिनिटं उभे. परत. तिन्ही दिवस."

मी गर्रकन बाबांकडे वळले. चार वाजता मी मागच्या खोलीत काचा घासायला बसते. यंत्राच्या आवाजात दाराची घंटा ऐकू येत नाही.

"बाबा... रोज?"

"काठी घेऊन चालायला लागल्यापासून," बाबा जमिनीकडे बघत म्हणाले. "तुला काळजी नको म्हणून बोललो नाही."

मला रडू आवरेना. बाईंनी पदराने माझं तोंड पुसलं आणि त्याच पदराने स्वतःचं. मग साहेबांकडे बघून त्या फक्त "हं?" म्हणाल्या. साहेब खुर्चीतून अर्धे उठले. शिफारस मागे घेतली गेली.

दोन महिन्यांनी पट्टे आले, त्यांच्या अलीकडे वळणाच्या बाजूला एक जाड गतिरोधकही आला. त्या दिवशी चारला बाबा हिरवा स्वेटर घालून निघाले. मी हात धरायला गेले, तर काठीनेच मला मागे सारलं. वळणावरून गाडी आली, गतिरोधकावर धडपडली, थांबली. बाबा तिच्यासमोरून सावकाश सतरा पावलं गेले. पलीकडे शिंपीकाका पट मांडूनच उभे होते. दोघांनी आधी भांडायला सुरुवात केली, मिठी नंतर मारली.

आणि त्यांच्या मागे तो उभा होता. ओळखपत्र नाही, फळी नाही. तो पट्ट्यांवरून अलीकडे आला आणि माझ्या पायरीपाशी थांबला.

"आज काय मोजताय?" मी विचारलं.

"काही नाही. चष्मा... जरा सैल वाटतोय."

"खोटं. मी आवळलेला स्क्रू सैल होत नाही." मी खणातून कार्ड काढून त्याच्यासमोर धरलं. "आधी ह्याचा जबाब द्या. पायरीपर्यंत आला, परत गेला. तीन दिवसांत अकरा वेळा. काय कट चालला होता?"

तो कार्ड बघतच राहिला. "तुम्ही... मोजलंत?"

"संशयिताची नोंद ठेवावी लागते."

"त्यातल्या तीन वेळा सांगायला येत होतो की लोकांना ओलांडू द्या, नाहीतर आकडा पडेल. नियम आठवायचा, परत फिरायचो."

"आणि उरलेल्या आठ वेळा?"

तो लाल झाला. रस्त्याकडे बघितलं, पट्ट्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"उरलेल्या आठ वेळा नियम नव्हता... धीर नव्हता. तुम्ही आवडता मला. पहिल्या दिवसापासून. तुम्ही भांडायला पायरीवर आलात ना, तेव्हापासून."

आवडत तर तोही होता मला, त्या पहिल्या हसण्यापासूनच. सगळा संशय म्हणजे त्याच्याकडे बघत बसायचं निमित्त होतं, हे आत्ता कुठे माझ्या ध्यानात येत होतं.

"माझा अजून पूर्ण विश्वास नाही," मी म्हटलं. आवाज भलताच मऊ आला. "तपासावं लागेल. रोज."

"किती वाजता?"

"चारला. बाबा तेव्हा पलीकडे असतात."

तो हसला आणि पायरी चढला. मी त्याच्यासाठी दार धरलं. मग काउंटरवरचं पेन घेऊन कार्डावर शेवटची ओळ लिहिली, तारखेसकट.

'बारावी वेळ. परत गेला नाही.'