उतरता खांदा

हे तुम्हाला खरं वाटणार नाही. आणि वाटलंच, तर तुमच्यासारखे भोळे तुम्हीच!

बाजाराच्या कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या दुकानात एक कटरमास्तर होते. गिऱ्हाईक उंबरठ्यात असतानाच नजरेने माप घेणारे. पण गेली काही वर्षं त्यांचा उजवा खांदा दुखत होता, बसल्या जागेवरून न उठणाऱ्या पाहुण्यासारखा. उजवा हात खांद्याच्या वर जायचाच नाही. औषधं झाली, शेक झाला. दुखणं जागचं हलेना; मास्तरांचं डोकं मात्र हललं. टेपवर वाचलेलं माप खडूपर्यंत पोचेपर्यंत पुसून जायचं. अस्तर करडं घ्यावं की काळं, यात अर्धी सकाळ जायची.

"मास्तर, कापड कापायचंय, मुलगी द्यायची नाहीये," भागीदार म्हणायचा.

मग एका वकिलाच्या कोटाचा उजवा खांदा अर्धा इंच उतरता आला. भागीदाराने कपाळावर हात मारला. कापड दुमडून दोन्ही बाजू एकदमच कापतात; एकच खांदा उतरायला वाव कुठे? पण ट्रायलला कोट वकिलांच्या अंगाला चोपून बसला.

"फिटिंग झकास. फक्त परवापासून हा खांदा धरलाय हो. डोळ्याला डोळा नाही."

कोट कापला गेला होता परवाच. आणि परवाच मास्तर किती तरी वर्षांनी गाढ झोपले होते.

पुढे शाळेतल्या बाईंचं तेच झालं. मग एका कंडक्टरचं. दर कापणीनंतर मास्तरांना काही दिवस हलकं वाटायचं. योगायोग, ते स्वतःला बजावायचे. आणि आतून दुखणं म्हणायचं, काप.

अशात मुलीला नोकरी लागली. पहिल्या दिवशी कोट हवा, तोही बाबांच्या दुकानातला.

मास्तरांनी मुलीदेखतच बायकोला सगळं सांगून टाकलं. ती पांढरीफटक पडली. "भागीदाराकडून कापून घ्या. तुम्हाला माझी शपथ आहे."

कापड टेबलावर पसरलं तेव्हा भागीदार जेवायला गेला होता. तो येईपर्यंत थांबायचं, एवढंच ठरवायचं होतं.

खांद्यात कुणी सुरी फिरवली.

थांबायचं.

कशासाठी, ते आठवेना.

कात्री हातातच होती.

कोट शिवून घरी आला, त्या संध्याकाळी मास्तर म्हणाले, "भागीदारानेच कापलाय. मी कात्रीला शिवलोसुद्धा नाही."

"सुटले बाई!" बायको म्हणाली. "अहो, वरचा तो डबा काढून द्या ना जरा."

मास्तरांनी फळीवरचा डबा काढून दिला.

मुलगी आरशासमोर नव्या कोटात उभी होती. कोट अंगाला चोपून बसला होता. डाव्या हाताने ती उजवा खांदा चोळत होती.

"खोटं, बाबा," ती आरशातूनच म्हणाली. "डबा उजव्या हाताने काढलात."