सहा वाजता, पण कुणाच्या घड्याळानं?

"या शहरातली माणसं सकाळच्या ऑफिसला दुपारी एकला निघतात का?"

संमेलनात माझ्या संशोधनाच्या पोस्टरसमोर उभा एक अनोळखी माणूस स्वतःशीच पुटपुटला. मी वळून पाहिलं. ही खवचट भाषा मी दोन वर्षं वाचत होते.

आमचं संगणक मॉडेल साऱ्या जगाच्या हवेचं गणित मांडतं — कुठे किती धूर, त्यातून ओझोन किती तयार होतो. ते कुणा एकाच्या मालकीचं नाही. कुठल्याही देशातल्या संशोधकानं त्यात भर घालावी, दुसऱ्यानं ती तपासावी. माझं काम नेहमी एकच माणूस तपासायचा. मी त्याला 'तपासनीस' म्हणायचे. आज आमच्या संस्थेतल्या संमेलनात तो समोर उभा होता, आणि कहर म्हणजे... देखणा होता.

"मॉडेलचं घड्याळ जगभर एकच, ग्रिनिचचं," तो हसला. "तुम्ही गाड्यांचा धूर इथल्या वेळेनं भरलात. साडेपाच तास चुकलात."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. जाताना त्यानं पोस्टरवर चिठ्ठी चिकटवली — 'उद्या सहाला इथल्या गच्चीवर कॉफीला याल? परवा मी परत जातोय.'

आता सहा म्हणजे कुठले? मॉडेलचे सहा म्हणजे इथले सकाळचे साडेअकरा. पुन्हा नाक कापून घ्यायचं नव्हतं. मी बरोब्बर साडेअकराला गच्चीवर हजर. साडेबारा वाजले तरी मी आणि हवा मोजायची यंत्रं, एवढेच. विसरला असेल... की कामाचंच बोलायचं होतं? मी घरी आले आणि उशीत तोंड खुपसलं.

संध्याकाळी ताईनं सगळं ऐकून घेतलं. "वेडाबाई, कॉफीला बोलावणारा माणूस सहा म्हणजे सहाच म्हणतो."

घड्याळात सहा पस्तीस झाले होते. मी घरच्या चपलांवरच धावले.

तो कठड्याशी बसला होता. शेजारी दोन कप, दोन्ही गार.

"मी... सकाळी साडेअकराला आले होते," मी धापा टाकत म्हणाले.

तो क्षणभर गोंधळला, मग डोळे मिटून हसत सुटला. "चूक माझीच. कुठल्या घड्याळाचे सहा, ते लिहायला हवं होतं." मग हसू ओसरलं. "एक सांगायचं होतं. तुमचं काम तपासायला मीच मागून घ्यायचो. दर वेळी. तुम्ही आवडता मला — न बघताच आवडायला लागलात."

"मग मीही सांगते. गेल्या वर्षातल्या तीन चुका मी मुद्दाम ठेवल्या होत्या. तुमचं उत्तर लांबावं म्हणून."

"कळलं होतं मला," तो म्हणाला. "आणि ही साडेपाच तासांची?"

"ती खरी होती," मी म्हणाले, आणि गार कॉफी उचलली.