खजुराच्या बियांचा बेसबॉल

"परत हरलात. काल पण हरलात, आज पण हरलात… जेवता तरी का रे तुम्ही?"

आवाज जन्नतच्या मानेमागून आला, अगदी कानाजवळून. आणि तोही आपल्या कोकणच्या बोलीत. मेसईदहून दोह्याला जाणारी कंपनीची बस होती, शुक्रवार होता, खिडकीबाहेर वाळूशिवाय काहीही नव्हतं. अशा ठिकाणी कोणी कोणाला मराठीत जेवणाचं विचारतंय म्हटल्यावर वळून बघणं भाग होतं. तिने ओढणी सारखी करायच्या निमित्ताने बघितलं.

मागे एक किडकिडीत तरुण एकटाच बसला होता. मांडीवर पत्त्यांसारखे पुठ्ठ्याचे तुकडे पसरलेले. तो त्या पुठ्ठ्यांना रागावत होता.

जन्नतला हसू आवरलं नाही. त्याने मान वर केली, कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला.

"तुम्हाला नाय बोललो," तो म्हणाला.

"ते कळलं. पण मग कोणाला?"

"एक संघ हाय… अमेरिकेतला. बेसबॉलचा."

"आज हरला?"

"नाय, तसा वीस-बावीस वर्षांपूर्वीच हरलाय. मी आता परत खेळवून बघतोय."

जन्नत पुन्हा पुढे बघू लागली. पण तिच्या शेजारी बसलेल्या रुकैयाभाबीने एव्हाना त्याला ओळखलं होतं. स्टोअरमधला अबूबकर ना तू, आमच्या ह्यांच्या तोंडून नाव ऐकलंय, असं म्हणून तिने त्याचं गाव बाणकोट, जेवण बॅरॅकच्या मेसमध्ये आणि मेसमधला भात कसा, एवढं सगळं दोह्याची पहिली घरं दिसायच्या आत काढून घेतलं. पुढच्या जुम्म्याला नमाज झाल्यावर जेवायला ये, म्हणाली. अशा आमंत्रणाला नाही म्हणणारा एकटा कोकणी माणूस त्या काळच्या कतारमध्ये सापडला नसता.

रुकैया तेव्हा सातव्या महिन्यात होती. तिच्या बाळंतपणासाठीच तिच्या नवऱ्याने, म्हणजे इलियासने, आपल्या धाकट्या बहिणीला मुंबईच्या बोटीने बोलावून घेतलं होतं. बाळ जरा धरायला सोपं झालं, की पावसाळा सरल्यावरच्या बोटीने जन्नत परत जाणार, हे तेव्हाच ठरलेलं. तिकडे चिपळूणच्या एका घराने तिला बघायला यायचं म्हणून निरोप ठेवला होता.

अबूबकर पहिल्या जुम्म्याला आला तो काखेत खोकं घेऊन. समुद्रातल्या तेलाच्या कामावर एक अमेरिकन होता, त्याने देशी परतताना ते त्याला दिलं होतं. खोक्यात एका जुन्या हंगामातल्या एकेका खेळाडूचा पुठ्ठा. दोन फासे टाकायचे, एक दशकाचा, एक एककाचा, मिळून जो आकडा येईल तो त्या खेळाडूच्या पुठ्ठ्यावर शोधायचा, आणि समोर लिहिलेलं असेल तसं व्हायचं. कोणी बाद, कोणी एका कोपऱ्यापर्यंत, तर कोणी चेंडू कुंपणापार. असे सगळे सामने ओळीने खेळले, की तो हंगाम पुन्हा घडायचा. त्यातला जो संघ सगळ्यात शेवटचा आला होता, तोच अबूबकरने घेतला होता. का, विचारल्यावर म्हणाला, बाकीच्यांना बघणारे पुष्कळ आहेत.

फासे बाहेर निघाले मात्र, आणि इलियासने हातातला घास खाली ठेवला.

"अबू, फासे माझ्या घरात नाय."

तो चिडून नाही बोलला. धर्मात फाशांना मनाई, म्हणून त्याच्या घरी ते कधी आले नव्हते, बापाच्या आणि आजाच्याही घरी नाही. अबूबकरने शरमून ते खिशात टाकले. त्याच्या खोलीतल्या उस्मानचंही हेच म्हणणं होतं, म्हणून तर बिचारा बसमध्ये खेळायचा.

आता इथेच तो खेळ संपायचा. पण पडद्याआड भांडी आवरता आवरता जन्नत म्हणाली, "आकडेच हवेत ना? मग खजुराच्या बिया हायत की."

दोन फाशांवर जे जे आकडे येतात, ते एकेका बीवर शाईने लिहायचे. बिया डब्यात घालायच्या, डबा हलवायचा, एक काढायची. इलियासने थोडा वेळ विचार केला. खजुराविरुद्ध त्याला काही आठवलं नाही.

सुरुवातीला इलियास आणि अबूबकरच खेळले. पण इलियास लहानपणापासूनचा क्रिकेटवाला. ज्या खेळात सामना बरोबरीत सोडता येत नाही, कोणीतरी जिंकेपर्यंत खेळतच राहायचं, तो खेळ काय कामाचा, म्हणून तो दुसऱ्याच जुम्म्याला वर्तमानपत्रात शिरला. मग समोरच्या संघाची बाजू पडद्याआड गेली.

स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यामध्ये निळ्या फुलांचा पडदा होता. अबूबकर अलीकडे चटईवर, पुठ्ठे मांडून. जन्नत पलीकडे, डबा घेऊन. तो नाव सांगायचा, ती बी काढून आकडा सांगायची. काढलेल्या बिया ती ताटलीत बाजूला ठेवत जायची, आणि डबा रिकामा झाला की सगळ्या पुन्हा आत. फासे काही असे दमत नाहीत, एकच आकडा लागोपाठ कितीदाही पडू शकतो, हे तिच्या लक्षात आलं नाही. अबूबकरच्या आलं होतं. पण त्याने ते सुधारलं नाही… पडद्यामागून बी ताटलीत पडल्याचा तो बारीक आवाज त्याला आवडायला लागला होता.

अमेरिकन नावं तिच्या तोंडात बसेनात. मग तिने नवी ठेवली. एक जाडा, होडीच्या म्होरक्यासारखा फेकणारा होता, तो तांडेल. चेंडू दिसला की डोळे मिटणारा एक होता, तो नवरदेव. चारी कोपरे फिरून आलेला गडी घरी आला म्हणायचा असतो, हे कळल्यावर ती तिसऱ्या कोपऱ्यावर अडकून पडलेल्यांची फार काळजी करू लागली.

"बिचारा… घर समोर दिसतंय, आणि येता येत नाय."

"पुढच्याने मारलं तरच येतो तो," अबूबकर म्हणाला. "एकट्याच्या हातात नसतं."

हिवाळा गेला. हजरा जन्मली. वाऱ्याने दारांखालून बारीक वाळू घरात आणली आणि जन्नतने ती रोज सकाळी बाहेर काढली. मग उन्हाळा आला, पंखा गरम हवाच फिरवू लागला, पण जुम्म्याचे सामने चुकले नाहीत. दोह्यात गजरा मिळत नाही म्हणून अबूबकर कधी तिथून वेलची आणायचा, आणि ती रुकैयाच्या हातात द्यायचा. त्या दिवशीच्या चहात वेलची जरा जास्तच पडते, हे इलियास वर्तमानपत्राआडून बोलून दाखवायचा. त्यापलीकडे कोणी काही बोलत नव्हतं.

बोलणार कसं? त्यांच्यात लग्नाचा पैगाम मुलाच्या घरून येतो. घरातली मोठी बाई नेसून-सवरून मुलीच्या दारात जाते आणि मागणी घालते. मुलीवाल्यांनी आपण होऊन शब्द काढायचा नाही. मुलाने स्वतः तर नाहीच, आणि ज्याच्या घरचं मीठ खाल्लं त्याच्या बहिणीबद्दल तर मुळीच नाही. अबूबकरचे आईबाप तो लहान असतानाच गेले होते. ज्या चाचीने वाढवलं ती मागच्या साली गेली. बहीण नाही, भावजय नाही. त्याच्या बाजूने चप्पल घालून निघेल अशी एकही बाई साऱ्या बाणकोटात उरली नव्हती. तो बोलू शकत नव्हता, इलियास बोलू शकत नव्हता, आणि बोटीचं तिकीट मात्र आलं होतं.

हंगामाचा शेवटचा सामना सुरू झाला तो बोटीच्या काही जुम्मे आधी. अबूबकर पहिल्या दिवशीच इलियासला म्हणाला होता, हंगाम संपेपर्यंत येत जाईन. तेव्हा तो सभ्यपणा होता. आता त्या सभ्यपणाने गळा धरला होता: हंगाम संपला, की येणंही संपणार.

सामना बरोबरीत अडकला. नेहमीचे डाव संपले, जास्तीचे सुरू झाले. पहिल्या जुम्म्याला निकाल नाही. दुसऱ्या जुम्म्याला नाही. इलियास म्हणाला, मी सांगत होतो, हा खेळच वाईट. रुकैया हजराला भरवत होती आणि जन्नतकडे बघत होती. जन्नत डब्यात डोकावून बी शोधत होती. हलवून काढत नव्हती, शोधत होती.

बोटीच्या आधीचा शेवटचा जुम्मा. जेवणं झाली. बाहेर ऊन असं, की रस्त्यावर कुत्रंही नाही. अबूबकरचा तांडेल खेळायला उभा, नवरदेव तिसऱ्या कोपऱ्यावर. तांडेलने काहीही बरं केलं की नवरदेव घरी, सामना खलास, हंगाम खलास.

"तांडेल," अबूबकर म्हणाला.

पडद्यामागे डबा वाजला. बराच वेळ वाजला.

"एकेचाळीस," जन्नत म्हणाली. म्हणजे तांडेल बाद.

काय काय निघालं आणि डब्यात काय काय उरलंय, हे अबूबकरला तोंडपाठ होतं. उरलेल्या सगळ्या बिया तांडेलसाठी चांगल्या होत्या. एकही बाद करणारी नव्हती.

"एकेचाळीस मघाशीच येऊन गेला," तो हळूच म्हणाला.

पलीकडे डबा खाली ठेवल्याचा आवाज आला.

"परत आला."

"गेलेले असे परत येतात?"

"बोलावलं तर येतात," पडद्यामागून आलं. आणि मग, फार हळू, "…तुम्हाला घाई हाय का संपवायची?"

"मना नाय," अबूबकर म्हणाला. "बोटीला हाय."

इलियासचं वर्तमानपत्र बराच वेळ एकाच पानावर होतं. ते त्याने घडी घालून ठेवलं, पुन्हा उघडलं. त्याने घसा साफ केला, पंख्याकडे बघितलं, आणि आज हवेत दमटपणा फार आहे असं म्हणाला. अबूबकर हो म्हणाला. दोघेही एवढे सभ्य होते, की जन्नतची बोट त्या सभ्यपणातून सुखरूप निघून गेली असती.

तेवढ्यात आतून रुकैया बाहेर आली. तिने ईदची हिरवी ओढणी घेतली होती. हजरा कडेवर. कोणाकडे न बघता ती दारात गेली आणि चप्पल घातली.

"या उन्हात कुठे?" इलियासने विचारलं.

ती गेली. दार लागलं. दोघे पुरुष त्या दाराकडे बघत राहिले, आणि पडद्याची कड एका हाताने जराशी बाजूला झाली.

मग दारावर थाप पडली. इलियासने उठून उघडलं. उंबऱ्याबाहेर त्याची बायको उभी होती, डोक्यावर ओढणी नीट घेतलेली, पाहुणीसारखी.

"अस्सलाम अलैकुम. मी बाणकोटच्या अबूबकरच्या घरून आले."

"रुकैया, हे काय चालवलंस?"

"तुमची रुकैया आत असेल नायतर शेजारी गेली असेल, मना काय माहीत. मी मुलाकडची बाई. पोर उन्हात हाय, या म्हणायची रीत हाय की नाय तुमच्यात?"

इलियासने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा मागे. अबूबकर चटईवरून उठून उभा राहिला होता, हातात पुठ्ठा तसाच, आणि चेहरा बसमधल्या दिवसापेक्षा लाल. इलियासने ओठ दाबले. हसू होतं की आणखी काही, ते सांगता येणार नाही. तो बाजूला सरला.

"वालेकुम सलाम," तो म्हणाला. "या. बसा."

पाहुणी आत आली, चप्पल दाराशी काढली, खुर्चीवर बसली, हजराला मांडीवर घेतलं. पाणी विचारा म्हणाली. पडद्याआडून पाण्याचा पेला आला. पाहुणीने पाणी घेतलं, पण पेला देणारा हात सोडला नाही, हळूच ओढून जन्नतला पडद्याच्या बाहेर आपल्या खुर्चीशी उभं केलं.

"आमच्या अबूबकरला तुमची जन्नत हवी हाय," ती इलियासला म्हणाली. "पहिल्या दिवसापासून हवी हाय, आणि हिलाही तो हवा हाय. त्याच्याकडून सांगायला कोणी नव्हतं, म्हणून मी आले."