दोन स्टार आणि परतीची तारीख

खरं प्रेम कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नसतं. गोरेगाव पूर्वेला शूटिंगसाठी कपडे भाड्यानं देणारं एक गोदाम आहे, तिथल्या सॉफ्टवेअरच्या मॅन्युअलमध्ये तर नव्हतंच. त्या तीनशे दहा पानांत प्रिंट कशी थांबवायची हेसुद्धा नव्हतं.

त्यामुळे गंधालीनं बरंच काही स्वतःच शोधलं होतं. सर्चमध्ये आधी दोन स्टार टाइप केले, की डिलीट केलेल्या नोंदी परत दिसायच्या. एखादी शेरवानी हरवली म्हणून नोंद उडवावी, आणि सहा महिन्यांनी तीच शेरवानी हळदीचे डाग घेऊन दारात उभी राहावी, हे इथलं नेहमीचंच. गंधाली दोन स्टार टाकून नोंद जिवंत करायची.

सोमवारी सॉफ्टवेअर कंपनीतून सम्यक आला. शुक्रवारपर्यंत नवं व्हर्जन टाकायचं होतं. निळा शर्ट, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या... गंधालीनं हे निव्वळ सवयीनं टिपलं. कपड्यांची नोंद ठेवणं तिचं कामच होतं.

तिच्या स्क्रीनकडे बघून तो थबकला.

"हे स्टार... कोणी शिकवले तुम्हाला?"

"कोणी नाही. एकदा बोट चुकून पडलं."

"मॅन्युअलमध्ये नाहीये हे."

"मॅन्युअलमध्ये आहे काय?"

तो हसला. हसताना आधी खाली बघायचा, मग तिच्याकडे.

"रिपोर्टमध्ये लिहावं लागेल. असं काही सापडलं की नव्या व्हर्जनमधून काढतात."

"वाट लागेल माझी! चौदा हजार कपडे आहेत इथे."

काम दोन तासांचं होतं. सम्यकनं ते पाच दिवस पुरवलं. मंगळवारी तपासणी, बुधवारी तपासणीची तपासणी. त्यातच कधीतरी 'तुम्ही' गळून पडलं. शुक्रवारनंतर त्याला इथे यायला काही कारण उरणार नव्हतं, आणि गंधालीला स्टारपेक्षा तेच जास्त टोचत होतं. तिनं कोणाला सांगितलं नाही. इस्त्रीवाल्या विमलाकाकूंना न सांगता कळलं.

"काय गं, हा कम्प्युटर बघायला येतो, तर पाठ कम्प्युटरकडे का असते याची?"

गुरुवारी सम्यक नुसताच दोन कटिंग चहा घेऊन आला.

"खरं सांगू? ते स्टार माझेच आहेत. नोकरीला नवीन होतो, माझ्या टेस्टिंगसाठी लिहिले... काढायचे राहिले. कोणी वापरत असेल असं वाटलंच नव्हतं."

"रोज वापरते," गंधाली म्हणाली, आणि घाईघाईनं, "म्हणजे... कामासाठी."

"हो ना. कामासाठीच."

चहा निवला.

शुक्रवारी संध्याकाळी त्यानं बॅग उचलली. "निघतो."

गंधालीनं गेटवरची वही पुढे सरकवली. "परतीची तारीख लिही."

"कशाची?"

"इथून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक नगाची लागते."

"मी काय शेरवानी आहे?"

"शेरवानीला इतकं समजवावं लागत नाही रे!"

सम्यकनं पेन घेतलं... आणि लिहिलं – उद्या.

"उद्या गोदाम बंद असतं."

"माहितीये," तो खाली बघत म्हणाला. मग तिच्याकडे बघून, "म्हणूनच."

गंधालीनं त्यापुढे सही केली. वाचता येईल अशा अक्षरात.

नव्या व्हर्जनमध्ये दोन स्टार चालत नाहीत. रिपोर्टवर सही सम्यकची आहे. हरवलेली शेरवानी परत आली, की नोंद जिवंत करायला आता त्यालाच बोलवावं लागतं.